भाव करताना नेमकं काय उतरतं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला, गालिच्याचे फोटोही पाहिले. काठावरची वेल फार सुरेख उतरली आहे. थेट विणकराकडून घेतलास, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात मिळवलास आणि खुशीत मित्रमंडळींना दाखवलास. त्यावर एक म्हणाला, "तरी फसलास, अजून उतरला असता." आणि दुसरी म्हणाली, "हातावर पोट असलेल्या माणसाशी असं वागताना काही वाटलं नाही का?" आता यातलं खरं काय, ते तू मला विचारतोयस. मी इतकी वर्षं लोकांना भरतकाम करून दिलं, म्हणून मला कळत असेल असं तुला वाटतं. थोडंफार कळतं. तू शालही घेणार आहेस, पुढे घर लावताना आणखी चार वस्तू घेशील, म्हणून सविस्तरच लिहिते.

तुझ्या दोन्ही मित्रांनी विचारलं नाही, ते मी विचारते. जे पैसे उतरले, ते कुणाच्या वाट्यातून उतरले?

आधी गालिचा उलटा कर. मागच्या बाजूला ओळीनं बारीक मण्यांसारखे ठिपके दिसतील, त्या गाठी. काही प्रकारच्या गाठी मागून जोडीनं दिसतात, तिथे जोडीची एकच गाठ धरायची. पट्टी घेऊन आडव्या एका इंचात किती, उभ्या एका इंचात किती, ते मोज आणि गुणाकार कर. फोटोवरून मला आडव्या बारा आणि उभ्या बारा वाटतात, म्हणजे एका चौरस इंचात १४४. तुझा गालिचा चार फूट बाय सहा फूट, म्हणजे ३,४५६ चौरस इंच. सगळ्या मिळून जवळपास पाच लाख गाठी झाल्या. प्रत्येक गाठीला धागा उभ्या ताण्यातून ओवायचा, ओढायचा, सुरीनं तोडायचा, ओळ झाली की आडवा धागा घालून पंजा नावाच्या दातेरी अवजारानं ठोकून बसवायचा. सरावलेला हात दिवसाला सहा ते दहा हजार गाठी मारतो. सहा हजार धरल्या तर त्र्याऐंशी दिवस, आणि हात फारच चपळ असला तरी पन्नास. माग लावणं, शेवटी कातरणं, धुणं, ताणून वाळवणं यात धरलेलंच नाही.

आता किमतीकडे ये. समजायला सोपं जावं म्हणून गालिचा शंभराचा धरू. त्यातले चाळीस लोकर, सुती ताणा आणि रंगाचे. पंधरा कर्जाचं व्याज, धुलाई, ने-आण यांचे. राहिले पंचेचाळीस, ती मजुरी. समज, तू वीस उतरवलेस. लोकरवाला त्यातले काही परत करणार नाही, ज्यानं कर्ज दिलं तो व्याज सोडणार नाही, कारण त्यांचे व्यवहार तू दारात यायच्या कितीतरी आधी झाले. म्हणजे पंचेचाळीसातून वीस गेले आणि पंचवीस राहिले. तुला वीस टक्के सूट मिळाली, विणणाऱ्याची मजुरी मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी कापली गेली. तू तर निम्मे उतरवलेस म्हणतोस. त्यानं पहिल्यांदा सांगितलेला आकडाच त्याचा खरा भाव असता, तर त्याच्या हाती काहीच राहिलं नसतं, उलट खिशातून पाच गेले असते. तसा व्यवहार तो करणार नाही, त्यामुळे त्यानं आधी बराच चढवून सांगितला असणार हेही उघड आहे. त्याकडे पुढे येते.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, दर वस्तूत ते बदलतात. आणि ते कसे बदलतात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कच्चा माल जितका महाग, तितकी थोड्याशा सुटीची झळ कारागिराला जास्त बसते. चांदीच्या कामात शंभरातले पंचाहत्तर चांदीचे आणि इतर खर्चाचे असतील, तर मजुरी उरली पंचवीस. "दहा टक्के तरी सोडा" हे आपण सहज म्हणतो, ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण त्या दहात त्याच्या मजुरीचे चाळीस टक्के जातात. टोपलीत, मातीच्या भांड्यात, भरतकामात माल थोडा आणि हातच जास्त. तिथे प्रमाण इतकं उलटंपालटं होत नाही, पण मुळात रक्कमच लहान असते, त्यामुळे पोटाला चिमटा बसायचा तो बसतोच.

तू म्हणशील, "पण त्यानं मुळात दुप्पटच सांगितली असेल तर?" बरोबर आहे. घासाघीस म्हणजे पाप, असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९७८ साली त्यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अशा बाजारात सगळ्यात दुर्मीळ चीज असते ती माहिती. मालाचा दर्जा, कालचा भाव, शेजाऱ्याचा भाव, समोरच्याची गरज, यातलं कुणालाच पुरतं ठाऊक नसतं, आणि घासाघीस हा ती माहिती काढायचा मार्ग असतो. म्हणूनच तिथे गिऱ्हाईक बांधून ठेवायला महत्त्व. एकदा ओळख पटली, विश्वास बसला, की दर वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून खणून काढावं लागत नाही. अशा ठिकाणी पहिला आकडा ही बोलण्याची सुरुवात असते. तो ऐकून मुकाट्यानं पैसे मोजणारा माणूस विक्रेत्यालाही थोडा चमत्कारिक वाटतो. तेव्हा "अजून उतरला असता" म्हणणारा तुझा मित्र सगळंच खोटं बोलला नाही, आणि लाज काढणाऱ्या मैत्रिणीनं त्या विणकराला स्वतःचा भाव कळत नाही असं गृहीत धरलं. त्याला कळतो. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो.

मला खटकलं ते दुसरंच. तूच लिहिलं आहेस, आणि तेही कौतुकानं, की दोनदा निघून जायचं नाटक केलंस, काठ वाकडा आहे म्हणालास (फोटोत मला तो सरळ दिसतो), आणि शेवटी अंधार पडता पडता तो माल गुंडाळत असताना परत गेलास, तेव्हा तो "बरं, न्या" म्हणाला. बाळा, इथे तुझं भाव विचारणं संपलं आणि त्याच्या नडीचा अंदाज घेणं सुरू झालं. दिवसभर विक्री झाली नव्हती, घरी रिकाम्या हातानं जायचं होतं, तेवढ्यावर तो आकडा ठरला. गालिच्यात किती गाठी आहेत, लोकर कसली आहे, रंग कोणता आहे, याचा त्या शेवटच्या आकड्याशी काही संबंध उरला नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या संध्याकाळी हरी तो होता.

मला स्वतःला पैसे कमी केल्याचं तितकं लागायचं नाही, जितकं दोष काढून भाव पाडल्याचं लागायचं. तू लहान होतास तेव्हा, फुलाच्या मधोमध मी गाठीचे टाके भरायची ते तुला आठवत असतील. सुई वर काढायची, दोऱ्याचे दोन वेढे सुईभोवती घ्यायचे, अंगठ्यानं ते दाबून धरायचे आणि सुई शेजारच्याच छिद्रात खाली न्यायची. वेढा सैल पडला तर गाठ लोंबते, घट्ट पडला तर सुई अडकते आणि कापड चुरगळतं. अशा वीसेक गाठी जमल्या की एका फुलाचं पोट भरतं. बघणाऱ्याला दिसतो तो पिवळा ठिपका. एखादी बाई कापड उलटं करायची, बोटानं चाचपायची, दोन टाके मागे-पुढे आहेत म्हणायची आणि मग निम्मे पैसे पुढे करायची. तिला कापड आवडलेलं असायचं, ते तिच्या डोळ्यांत दिसायचं. तरी ती ते वाईट आहे असं माझ्याकडून कबूल करून घ्यायला बघायची. पैसे मी घ्यायची, कारण घ्यावे लागायचे. पण पुढचं फूल भरताना हात जड व्हायचा.

दुसऱ्या काही बायका होत्या, त्यांची ऑर्डर मी रात्री जागून आनंदानं पुरी केली. त्याही सगळ्या पैसेवाल्या नव्हत्या. त्या सरळ विचारायच्या, "माझ्याकडे एवढेच आहेत, यात काय बसेल?" मग आम्ही दोघी मिळून ठरवायचो. सगळीकडे वेल नको, फक्त काठाला; गाठीच्या टाक्याऐवजी साखळी टाका; पाच रंगांऐवजी तीन. त्यांना परवडेल अशी वस्तू मिळायची आणि माझ्या तासाचा भाव तसाच राहायचा. तुला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव. पैसे कमी असले तर काम कमी करून माग. लहान आकार, साधी नक्षी, कमी रंग, जरा जाड विण, थोडा डाग असलेला नग, मागच्या वर्षीचा पडून राहिलेला नग. हे सगळं मोकळेपणानं विचारता येतं आणि कारागिरालाही ते आवडतं, कारण त्यात तू त्याच्या कामाबद्दल बोलतोस. तेवढंच काम, तेवढेच दिवस आणि पैसे मात्र कमी, हे मागणं वेगळं.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद असतो, की मोठ्या दुकानात छापील किंमत गुपचूप देतो आणि कारागिराशीच का भांडतो. बोलणं खरं आहे, पण अर्धंच. छापील किमतीच्या वस्तूवर घासाघीस झालेली नसते असं थोडंच आहे? ती आपल्या नजरेआड होऊन गेलेली असते. खरेदी करणाऱ्या माणसानं एकदम पाचशे नग घेतो म्हणून कारागिराचा भाव पाडलेला असतो, पैसे तीन महिन्यांनी देईन म्हटलेलं असतं, न खपलेले नग परत करीन म्हटलेलं असतं. ती घासाघीस तुझ्या संध्याकाळच्या नाटकापेक्षा कितीतरी कठोर असते आणि तिच्यात मोठा मायाळूपणाचा आव असतो. म्हणून दुकानात शिरलास की मन हलकं करून घेऊ नकोस. विचार. हे कुणी केलं, कुठे केलं, त्याला याचे किती मिळाले? उत्तर देणारी दुकानं आहेत आणि न देणारीही आहेत, आणि तो फरक पुरेसा बोलका असतो.

एकच भाव ही कल्पना कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी ठरवलं, की मागायचे जास्त आणि घ्यायचे कमी म्हणजे खोटं बोलणंच झालं. मग ते एकच किंमत सांगू लागले. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं, नंतर लोकांना कळलं की इथे लहान मुलाला पाठवलं तरी मोठ्याइतक्याच भावात माल मिळतो. त्याच शतकात, १६७३ साली, जपानमध्ये मित्सुई ताकातोशी यांनी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवर मोठे कापडवाले श्रीमंतांच्या घरी माल घेऊन जायचे, उधारीवर द्यायचे आणि पैसे उशिरा येणार, कदाचित बुडणार, म्हणून भाव चढवून सांगायचे. एचिगोयानं रोखीचा व्यवहार आणि एकच भाव सुरू केला, आणि धंदा प्रचंड वाढला. या गोष्टीतून मला एक कळलं. एकच भाव सांगून त्यावर ठाम राहायला पाठीशी काहीतरी लागतं. आज गिऱ्हाईक परत गेलं तरी उद्या येईल, तोवर चूल पेटेल, एवढी ऐपत लागते. ज्याच्याकडे ती नाही त्यानं चढवून सांगणं हे त्याचं खोटं बोलणं नव्हे, उद्या कुणीतरी निम्म्यात मागणार हे त्याला माहीत असतं आणि तो त्याची तजवीज करून ठेवतो. आपण सगळ्यांनी निम्म्यात मागून मागून त्याला ते शिकवलंय.

आणि मागत राहिलो तर काय होतं ते वस्तूत उतरतं. निळीचं उदाहरण घे. नैसर्गिक निळीच्या पिंपातून कापड बाहेर काढतात तेव्हा ते पिवळट हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. मग ते पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवेला धरायचं. गडद निळा हवा असेल तर असे कितीतरी पातळ थर एकावर एक चढवावे लागतात, आणि म्हणूनच तो रंग टिकतो. भाव पडला की रंगारी पिंपातला रंग कडक करतो आणि बुडव्या कमी करतो. पहिल्या दिवशी दोन्ही कापडं सारखीच दिसतात. पण घाईत चढवलेला रंग नीट मुरत नाही, तो हाताला आणि अंगाला लागत राहतो. रंगाऱ्यानं फसवलं असं आपण म्हणतो. जेवढ्या बुडव्यांचे पैसे आपण दिले, तेवढ्या त्यानं दिल्या. इराणी गालिच्यांत असंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून स्वस्त रासायनिक रंग आले, सुरुवातीचे ते रंग उन्हात आणि पाण्यात उडून जायचे, तरी स्वस्त माल मागणाऱ्या बाजारासाठी ते सर्रास वापरले गेले. शेवटी तिथल्या सरकारला असे रंग देशात आणायला बंदी करावी लागली, कारण गालिच्यांचं नावच खराब होऊ लागलं होतं.

याहून वाईट गोष्टही होते. मजुरी आणखी उतरवायची असेल तर ज्याला कमीत कमी मजुरी द्यावी लागते असा हात शोधतात, आणि तो मुलांचा असतो. म्हणून कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारानं १९९४ साली रगमार्क ही खूण सुरू झाली, पुढे तिचं नाव गुडवीव्ह झालं. बालमजूर न लावता विणलेल्या, तपासणी झालेल्या गालिच्यांवर ती लावतात. पुढचा गालिचा घेशील तेव्हा ती आहे का बघ. पाच लाख गाठींचं काम फारच स्वस्तात मिळत असेल, तर आनंद व्हायच्या आधी त्या गाठी कुणी मारल्या हा प्रश्न पडला पाहिजे.

"यंत्रावर तर याच्या पाव किमतीत मिळतं" हे वाक्य मात्र कारागिरापुढे कधी म्हणू नकोस. १९६६ साली विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी संगीत-नाटकाच्या खर्चाचा अभ्यास करताना दाखवलं, की कारखान्यात एका माणसाचं उत्पादन वाढत जातं, पण चार वादकांची एखादी रचना वाजवायला आजही चारच माणसं आणि तितकाच वेळ लागतो. घरभाडं, धान्य, औषधं यांचे खर्च मात्र वादकालाही सगळ्यांसारखेच वाढतात. गाठीचंही तसंच. ती दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ घ्यायची तितकाच आज घेते. यंत्राच्या मालाशी तुलना करून तिचा भाव ठरवला तर ती मारणारा माणूस उठून दुसऱ्या कामाला जाईल, आणि त्याची मुलं मागावर बसणारच नाहीत. ती बसावीत असा माझा आग्रह नाही. मुलांनी हवं ते करावं. पण ज्याला हे काम आवडतं, ज्याचा हात चांगला आहे, त्याला केवळ पोट भरत नाही म्हणून उठावं लागू नये.

खादीच्या वेळी हा वाद झाला होता. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे आग्रह धरला, की कातणाऱ्यांना निदान पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. खादी महागेल, खप घटेल, गिऱ्हाईक जाईल, असं संघातलीच माणसं म्हणाली, आणि किमान मजुरी ठरली ती त्याहून बरीच कमी. तरी ती ठरली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की गरिबांसाठी म्हणून चाललेल्या कामातही स्वस्ताईचा भार कातणाऱ्या बाईवर टाकला जात होता, आणि तो तिच्यावरून काढून विकत घेणाऱ्यावर टाकायला कुणालातरी हट्ट धरावा लागला.

तुझ्या मैत्रिणीसाठी एक गोष्ट. दया म्हणून घेऊ नये. नको असलेली टोपली "बिचाऱ्याला मदत" म्हणून घेतली की ती महिन्यात माळ्यावर जाते, आणि कारागिराला वाटतं, अशा टोपल्या खपतात. त्यानं केलेली वस्तू चांगली नसेल तर तसं नीट सांगावं, कडी सैल आहे, काठ बोचतो. दोष काढून भाव पाडणं आणि दोष सांगून दुरुस्त करून मागणं यातला फरक त्याला पहिल्या वाक्यातच कळतो. मलाही कळायचा. चांगल्या गिऱ्हाइकांनी दाखवलेल्या चुकांमुळेच माझा हात सुधारला.

आणि यंत्राचा माल हातचा म्हणून कुणी विकत असेल, तर तिथे गप्प बसायचं कारण नाही. गालिच्याच्या टोकाचे गोंडे बघ. हातानं विणलेल्यात ते ताण्याचेच धागे असतात, यंत्राच्या मालाला बहुधा मागाहून शिवलेले असतात. ठशांच्या छपाईत जिथे एक ठसा संपतो आणि दुसरा लागतो तिथे बारीकसा सांधा दिसतो, कुठे किंचित चढलेला, कुठे सुटलेला. सगळीकडे तंतोतंत सारखं असेल तर शंका घ्यावी. अशा वेळी भाव करत बसण्यापेक्षा सरळ पुढे जावं. हातच्या कामाच्या नावावर ती कमाई होते, आणि ते नाव दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांनी कमावलेलं असतं.

किमतीपेक्षाही मोठी गोष्ट पैसे कधी देतो ही आहे. कारागीर मारला जातो तो बहुतेक वेळा उशिरानं. लोकर उधारीवर, व्याज रोजचं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पुढच्या महिन्यात." न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेच्या दहा तत्त्वांत म्हणूनच असं आहे, की हस्तकलेच्या ऑर्डरला कारागिरानं मागितल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. मला हे नियम कुणी सांगितले नव्हते, पण निम्मी उचल देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्वतःहून भाव कमी सांगायची. दोरा रोखीनं आणता यायचा, तो स्वस्त पडायचा, आणि माल घरात पडून राहील ही धास्ती नसायची. इथे दोघांचाही फायदा होतो आणि कुणाच्या मजुरीला हात लागत नाही. भाव कमी करून घ्यायचा असेल तर या वाटेनं घे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, त्याला उरलेले पैसे पाठवू का. गाठी मोजून दिवस काढ. लोकर-रंगाचा खर्च किती येतो ते त्यालाच विचार, त्याचा नंबर तू घेतला आहेस. ते वजा करून उरलेल्या पैशांना दिवसांनी भाग. तिथल्या साध्या अंगमेहनतीच्या रोजापेक्षा आकडा वर आला, तर काही पाठवू नकोस. तो व्यवहार त्यानं डोळे उघडे ठेवून केला आहे आणि त्याच्या शब्दाचा मान राहिला पाहिजे. खाली आला तर फरक पाठव. पाठवताना बक्षीस, मदत, असं काही लिहू नकोस. हिशेबात कमी पडले होते एवढंच लिही.

शालीचं असं कर. दोन-तीन विणकरांचं काम बघ, पण एकाचा भाव दुसऱ्याला सांगून दोघांना झुंजवू नकोस. ज्याची विण आवडेल त्याला तुझ्याकडे किती आहेत ते आधीच सांग आणि त्यात काय बसेल ते त्याला ठरवू दे. अंगभर नक्षी बसत नसेल तर फक्त पदराला घे, मला तशीच जास्त आवडते. निम्मे आधी दे, उरलेले शाल हातात पडली की त्याच दिवशी दे. आणि त्यानं दोन महिने सांगितले तर दोन महिने थांब, मधे घाई करू नकोस. तोवर थंडी संपली तर पुढच्या थंडीत वापरशील.

तब्येतीला जप. सुनेला आशीर्वाद सांग.

तुझी,
आई